झाडाच्या पायाशी

चि. मुक्तास,


तुझा मेसेज दोनदा वाचला. निनादला मागची चारही झाडं उतरवायची आहेत, तुला एकही उतरवायचं नाही, आणि दोघांनी मिळून निवाडा माझ्याकडे पाठवलाय. फोनवर बोलले असते तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहिते.

आधी निनादचं. त्याला भित्रा म्हणू नकोस. २०२४ च्या १९ नोव्हेंबरच्या रात्री वादळाने इथे सिएटलच्या परिसरात लाखो घरांची वीज गेली आणि झाडं पडून दोन माणसं दगावली, त्यातलं एक बेलव्ह्यूमध्ये स्वतःच्या घरात. वर २०२० च्या 'निसर्ग' वादळात त्याच्या श्रीवर्धनच्या सुपाऱ्या एका दुपारात आडव्या झाल्या. असा माणूस सव्वाशे फुटी डग्लस फरच्या खाली शांत झोपेल कसा? फक्त तो भीतीने शेंड्याकडे बघतोय. झाड पडायचं की नाही हे बहुतेक वेळा खाली, बुंध्यापाशी ठरतं.

तुमच्या समामिशच्या पठारावर फूट-दोन फूट खणून बघ. पहार टणकन वाजेल. सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वी या भागावर बर्फाचा थर होता, सिएटलपाशी तो जवळजवळ तीन हजार फूट जाड होता. त्या वजनाखाली माती, वाळू, गोटे दाबले जाऊन जवळपास काँक्रीट झालं. मुळं त्यातून खाली जात नाहीत. ती वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर. हिवाळ्यात पाणी त्या कडक थरावर साचून राहतं, माती लोण्यासारखी मऊ होते, आणि त्यात वारा आला की झाड मुळांच्या चकतीसकट उन्मळतं. २००६ चा डिसेंबर जुन्या लोकांना विचार. नोव्हेंबरात विक्रमी पाऊस झाला होता, त्यावर मोठं वादळ आलं आणि दहा लाखांवर घरं अंधारात गेली.

२०२४ च्या नोव्हेंबरातल्या वादळाची गोष्ट आणखी निराळी. आपली वादळं सहसा दक्षिणेकडून, नैऋत्येकडून येतात. झाडंही त्याच बाजूच्या वाऱ्याला तोंड देत वाढलेली, खोड आणि मुळं त्या हिशेबाने जाड झालेली. या वेळी वारा पूर्वेकडून, कॅस्केड डोंगरातून आला. तोही ज्यांनी सोसला ती तुमची चारही झाडं जागेवर आहेत, हे निनादच्या कानावर घाल. यावरून पुढची खात्री मिळत नाही, पण त्यांची एक परीक्षा तरी झाली.

आता मुद्दा. मी म्हातारी मावशी, म्हणजे 'दोन काढा, दोन ठेवा' अशी तडजोड सुचवेन असं तुम्हाला वाटत असणार. तुमच्या बाबतीत ती सर्वात वाईट ठरू शकते. इथलं मूळ जंगल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तोडून विकलं गेलं. तुमच्या मागची झाडं त्यानंतर उगवलेली, दाटीत, उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत वाढलेली. म्हणून ती अशी उंच नि सडपातळ, हिरवा भाग फक्त वर. दाटीतल्या झाडांना वाऱ्याची सवय कमी असते, कारण ती एकमेकांच्या आडोशाला असतात. पुढे वस्त्या झाल्या, प्लॉट पडले आणि अशी चार-चार झाडं 'निसर्गरम्य' म्हणून मागे ठेवली गेली. आता त्यातली दोन काढलीत तर उरलेल्या दोघांवर जन्मात कधी न घेतलेला वारा येईल. तेव्हा त्यांना एक गट म्हणूनच बघा. एखादं खरोखर आजारी निघालं तर काढावं लागेल, पण मग उरलेल्यांची तपासणी नव्याने करायची.

आणि शेंडा छाटून उंची कमी करा, हा सल्ला कोणी दिला तर त्याला चहाही देऊ नकोस. छाटलेल्या जागेतून कुज आत उतरते, आजूबाजूने दोन-तीन नवे शेंडे निघतात, त्यांचा जोड कच्चा असतो, आणि काही वर्षांनी तेच घरावर येतात. सिएटलमध्ये कॅस टर्नबुल नावाच्या बाईने १९८७ मध्ये 'प्लांट ॲम्नेस्टी' नावाची संस्थाच काढली, झाडांचे असे हाल थांबवायला. वारा आरपार जावा म्हणून आतल्या फांद्या साफ करणं हाही तसलाच उद्योग. फांद्या आपापल्या तालात हलतात तेव्हा वाऱ्याचा जोर एकमेकांत मोडतो. आतल्या काढल्या की सगळा भार टोकांना जातो. सुकलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

सगळ्यात मोठी काळजी मला तुमच्या नव्या पॅटिओची आहे. नकाशा पाहिला. तो दोन फरच्या ऐन मुळांवर येतोय. पायासाठी एक फूट खणलं तरी एका बाजूची मुळं तुटतील, वर रोलर फिरला की उरलेल्यांचा श्वास बंद. झाड लगेच काही बोलणार नाही. पाच-सात वर्षांनी शेंडा विरळ होईल, तोवर कंत्राटदाराचा फोन नंबरही तुमच्याकडे नसेल. पॅटिओ पुढच्या बाजूला घ्या. खर्च वाढेल, वाढू दे.

इथे येणारे सगळे समजतात, पाऊस पडतोच आहे, झाडांना कोण पाणी घालतं? अगं, सिएटलचा वर्षभराचा पाऊस हजारेक मिलिमीटर. मुंबईचा एकटा जुलै त्याच्या जवळ जातो. आणि इथला जुलै-ऑगस्ट मिळून जेमतेम दीड इंच. वर्षभर भिजलेलं दिसणारं झाड ऐन वाढीच्या दिवसांत तहानलेलं असतं. २८ जून २०२१ ला सिएटलमध्ये पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा झाडांची पश्चिमेकडची पानं भाजल्यासारखी तांबडी पडली होती. तहानलेल्या फरला किडे नि बुरशी गाठतात, आणि त्याचा परिणाम हिवाळ्यातल्या वादळात दिसतो. तुमचं चौथं झाड रेड सीडर आहे, त्याला तर कोरडे उन्हाळे अजिबात सोसत नाहीत, अलीकडे या भागात कितीतरी सीडर शेंड्याकडून वाळत चाललेत. जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एक-दोनदा नळी मंद सोडून फांद्यांच्या कडेखालची जमीन हातभर ओली होऊ दे. लॉनचे फवारे खोडावर मारू नका.

लॉनही कमी करा. झाडाखालचं गवत काढून तिथे लाकडाच्या भरड चिप्स तीन-चार इंच पसरा. झाडं तोडणारे लोक बहुधा फुकट ट्रक रिकामा करून जातात, त्यांना टाकायला जागाच हवी असते. आजोबा माडांना आळी करायचे तशी खोडाभोवती भर मात्र घालायची नाही. बुंधा उघडा हवा, मुळं जिथे फाकतात तो घेर दिसायला हवा.

निनादने फोटोत बाण काढून दाखवलेलं शेवाळ निरुपद्रवी आहे. शेजारच्या मेपलवर तर त्याची गादीच असते. वनशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या पावसाळी जंगलात मेपलवर दोर लावून चढल्या आणि त्यांना दिसलं, की झाड स्वतःच्याच फांद्यांमधून मुळं काढून त्या शेवाळाखालच्या मातीतून अन्न घेतं. १९८१ मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. सीडरची आतली पानं शरद ऋतूत तपकिरी होऊन गळतात, तेही नेहमीचं. आयव्हीचा वेल मात्र छातीच्या उंचीवर सगळीकडून कापा. वरचा आपोआप वाळेल, ओढून काढायला जाऊ नका.

खरी भीती वेगळीच. फरच्या मुळांना एक कुजीचा रोग होतो, तो मुळांच्या स्पर्शातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि झाड वरून हिरवं असतानाच पडतं. शेंडा विरळ नि पिवळट होणं, एकदम खूप बारीक शंकू लागणं, शेजारच्या रानात फर पडून मोकळी जागा वाढत जाणं, या खुणा. बुंध्याशी कुत्र्याच्या छत्र्या दिसल्या तर फोटो काढून ठेवा. सीडरला हा रोग फारसा बाधत नाही, मेपलला होतच नाही. म्हणून फर काढावंच लागलं तर जागी काय लावायचं हे ठरलेलं.

वादळानंतर दारावर करवती घेऊन येणाऱ्यांना परत पाठवा. ज्याला तोडण्याचे पैसे मिळतात त्याने तपासणी करू नये, एवढी साधी अक्कल. आयएसए या वृक्षतज्ज्ञांच्या संस्थेचं प्रमाणपत्र आणि धोका तपासण्याची वेगळी पात्रता असलेला आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षतज्ज्ञ, घ्या, लेखी अहवाल मागा. शहराचं परमिट लागेल की नाही तेही आधी बघा, नाहीतर तोडल्यानंतर दंड भरत बसाल. अहवालात एखादं झाड धोक्याचं निघालं तर निनादचं ऐक, हट्ट करू नकोस. घरापासून दूर असेल तर वीसेक फूट उभं खोड ठेवून बाकीचं काढता येतं, सुतारपक्षी येतात.

बेडरूम तूर्तास पुढच्या खोलीत हलवा, निदान मार्चपर्यंत. पॅटिओचा नकाशा बदलल्यावर मला पाठव, आणि आर्बोरिस्ट येणार असेल त्या दिवशी आधी कळव. मला यायचं आहे, त्याला विचारायचे माझेही दोन प्रश्न आहेत.

तुझी,
मावशी