पोटखराबा

आपल्या भाषेने डोंगराला मान दिला, नदीला आई म्हटले, रानाला तर वनदेवीच दिली. माळाच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. माळ म्हटला की त्याच्या आधी ‘उजाड’ नाहीतर ‘ओसाड’ हे विशेषण आपण होऊन येऊन बसते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असल्या जमिनीची नोंद होते ती बहुधा ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणून. शब्द मोठा मासलेवाईक आहे. जिच्यात पीक निघत नाही ती जमीन खराब! इंग्रजी अमदानीत, 1836 साली, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विन्गेट या दोन साहेबांनी जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवण्याची रीत घातली आणि ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. सारा ठरवायचा तर कोणती जमीन काय देते हे पाहायलाच हवे. त्याबद्दल साहेबांना बोल लावण्याचे कारण नाही. पण सरकारला जी काही देत नाही ती कोणालाच काही देत नाही, असा एक समज त्या हिशेबाबरोबर आपल्या मनात शिरला. साहेब गेले, समज राहिला.

त्याच मुलखातला, बारामतीच्या वाटेवरचा, एका गावाच्या गायरानातला माळ माझ्या ओळखीचा आहे. 2021 च्या पावसाळ्यापासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जण पुण्याहून तिकडे जातो. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक दंतवैद्य आहेत, कॉलेजातली चार-पाच मुले आहेत, आणि तीस वर्षे मुलांना भूगोल शिकवून घरी बसलेली मी आहे. गावची पाच-सहा मंडळीही येतात. सोबत विळे, कुदळी, गोणपाट आणि भाकरी-पिठल्याचे डबे. आमच्या जाऊबाईंना या उद्योगाचे मोठे कौतुक.

“झाडं लावायला जाता ना?” त्यांनी पहिल्यांदा विचारले.

“नाही, उपटायला,” मी म्हटले. तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा काळजीने पाहतात.

खरे तर गोष्ट साधी आहे. सह्याद्रीने ढग अडवले की त्याच्या पूर्वेला उरतो तो 500 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. मुरुमावर वीतभर माती. एवढ्या भांडवलावर घनदाट अरण्य उभे राहत नाही. उभे राहते ते गवत. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर. हजारो वर्षे हा संसार असाच मांडलेला आहे, आणि त्यात राहणाऱ्यांनी आपल्या सवयी त्याला बेतूनच लावून घेतल्या आहेत. धाविक नावाचा चिमुकला पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. ती मातीच्या रंगाची असतात, म्हणूनच वाचतात. चिंकारा मोकळ्यावर लांबवर नजर टाकून जीव सांभाळतो. झाड वाढले की त्यावर ससाणा येऊन बसतो, त्याच्या सावलीत गवत मरते, आणि माळावरची बिऱ्हाडे उठून जातात.

आमच्या माळावर कोणीतरी कधीतरी चांगल्या मनाने उंदीरमारी लावली होती. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. गुलाबी फुलांनी लहडले की दिसते मोठे गोजिरे, पण एकदा बस्तान बसले की गवताला जागा देत नाही. रीतसर परवानगी काढून आम्ही तिची रोपे मुळासकट उपटतो. झाडांसाठी खोदून ठेवलेले चर मातीने भरून घेतो. दिवाळीच्या सुमारास गवताचे पिकलेले बी ओंजळी-ओंजळीने काढून गोण्यांत भरतो. हे नवे बी लगेच रुजत नाही, काही महिने झोप काढते. मृगाच्या आधी गावातल्या बायका ते शेणमातीत कालवून त्याचे लाडू वळतात. फराळाच्या लाडवांना सरावलेल्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही. फक्त पोस्टमास्तरांचे लाडू तेवढे फुटतात.

आम्ही कामाला लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात एक धनगर आजी काठी टेकत आली आणि आमच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, “बाई, तार कवा मारणार?”

मला प्रश्न कळला नाही. पोस्टमास्तरांना कळला. माळाचे भले करायला म्हणून जो जो आला त्याने आधी कुंपण घातले होते. आणि कुंपण पडले की मेंढरे बाहेर.

तिची अडचण खरी होती. धनगरांचे वाडे दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या खाचरांत मेंढरे बसवतात, आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे ज्या महिन्यांत गवताला वाढून बी धरायचे असते, नेमक्या त्याच महिन्यांत मेंढरे घरी असतात. गवताला सवड द्यावी तर मेंढरांनी खावे काय? आमच्यातल्या मुलांचे मत होते की माळ निदान पाच वर्षे बंदच करावा. आजीने ऐकून घेतले आणि विचारले, “पाच वर्सं आमी काय वारा खायाचा?”

दोन महिने नुसते बोलणे चालले, आणि त्यातून जी तोड निघाली ती आजीचीच. माळाचे तीन वाटे करायचे. दर साली एक वाटा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत राखायचा, दोन मोकळे. कुसळी कोवळी आहे तोवर मेंढरांनी खावी, कारण कुसळ धरले की ते लोकरीतून कातड्यात शिरते आणि जनावर हैराण होते. दिवाळीला बी गळाले की वाडा हलायच्या आधी मेंढरे राखलेल्या वाट्यातूनच न्यायची, म्हणजे खुरांनी बी दाबले जाते. कुसळाला ही मदत लागत नाही म्हणा. त्याचे शेपूट ओलीने उलगडते, सुकले की पिळते, आणि असे गिरमिटासारखे फिरत ते आपले आपणच जमिनीत उतरते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्यात जन्म गेलेल्या आम्हा शहरी माणसांनी हे कुसळ प्रथमच नीट पाहिले.

दोन वर्षे करार सुखाने चालला. मग 2023 साल आले. पावसाने पाठ फिरवली. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने जे चाळीस तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले त्यांत बारामती होती, पुरंदर होते, इंदापूरही होते. मोकळे दोन वाटे मेंढरांनी मुळापर्यंत खाल्ले. राखलेल्या वाट्यात तेवढे गुडघ्याएवढे गवत उभे होते, आणि त्याच्या कडेला उपाशी मेंढरे. त्या रविवारी आमच्यात कडाक्याचे भांडण झाले. एक मुलगा म्हणाला, आता सोडले तर दोन वर्षांची मेहनत गेली. दंतवैद्य म्हणाले, नाही सोडले तर माणसे गेली. मग माळ राखणार कोण? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच कोणाला पुढे बोलवेना.

गवत सोडायचे ठरले. सकाळी आजीचा मुलगा मेंढरे घेऊन आला. पण ओढ्याच्या अंगचा एक लांबट पट्टा त्याने काठीने आखला आणि आपल्या पोरांना त्याच्यापाशी उभे केले. आम्ही कोणी सांगितले नव्हते. वाडा नेहमीच्या आधी तीन आठवडे कोकणाकडे निघाला, तोवर त्या पट्ट्यात एक मेंढरू शिरले नाही. पुढच्या वर्षी पाऊस भरभरून झाला. पहिले दाट गवत उठले ते त्या पट्ट्यातून, आणि आमच्या गोण्या भरल्या त्याही तिथूनच.

आमचा माळ केवढासा! सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झाले, चिंकाऱ्यांसाठी. तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झाले. तो भारदस्त पक्षी विणीला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर; आता साऱ्या देशात तो दीडशेच्या आत उरला आहे. आमच्याकडे माळढोक येईल अशी आशा कोणी धरत नाही. पण राखलेल्या वाट्याजवळ धाविकाची जोडी असते. खोकडाचे बीळ आहे. आणि ऐन दिवाळीच्या दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्ये येतात, दिवसभर गवतावरून तरंगत टोळ आणि नाकतोडे टिपतात, आणि सांज झाली की त्याच गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. इतक्या दुरून येणाऱ्या पाहुण्याला अंथरूण म्हणून गवतच हवे असते. आपण लावलेली झाडे त्याच्या कामाची नाहीत.

एकदा मी आजीला सांगितले की कागदावर असल्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. ती मनापासून हसली. “आमचं प्वॉट तर त्येच्यावरच हाय की!”

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. त्यांच्या पुढ्यातल्या पेंढीला कोणी कुंकू लावत नाही, आणि लावावे असेही मी म्हणत नाही. पण या दिवाळीत तुम्ही खंडोबाला जेजुरीला गेलात, तर दर्शन झाल्यावर लगेच परत फिरू नका. पूर्वेला थोडे पुढे जा. पिवळे पडलेले गवत वाऱ्यावर वाकत असेल. रस्त्याच्या कडेलाच उभे राहा, आत जाऊ नका, मुलांना घटकाभर गप्प बसवा. ऊन कलले की भोवत्ये येतील. घरी परतल्यावर मोज्यांत अडकलेली कुसळे काढायला अर्धा तास लागेल, तेवढा धरून चाला.