पेशीची खोडी

कांदा कोणता उचलला यावर प्रॅक्टिकलची निम्मी फत्ते ठरते. मऊ पडलेला नको, फ्रीजमधला नको, कोंब फुटलेला तर अजिबात नको. घट्ट, वजनदार, लाल कांदा हवा. चार फोडी करायच्या, कागदी सालं काढून टाकायची आणि एक रसरशीत पाकळी घेऊन मोडायची. मोडताना आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सुटा होतो आणि लोंबत राहतो. तो चिमट्याने अलगद ओढायचा. पारदर्शक, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. हवेत धरून कौतुक करत बसलं की गुंडाळतो, म्हणून लगेच वॉचग्लासमधल्या पाण्यात. मग ब्लेडने कडा छाटायच्या, नखाएवढा तुकडा काचपट्टीवरच्या थेंबात पसरायचा आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने सावकाश खाली आणायची. वरून टाकली की बुडबुडे आलेच. काळ्याभोर कडेचे हे गोल गरगरीत बुडबुडे पहिल्या प्रॅक्टिकलला निम्म्या जर्नलांत ‘केंद्रक’ म्हणून विराजमान होतात.

अकरावीला जीवशास्त्र शिकवताना मला फळ्यापेक्षा हेच काम जास्त आवडत आलं आहे. आमची प्रयोगशाळा साधीच. अंबाल्याहून आलेले सूक्ष्मदर्शक, त्यांतले काही अजून आरशावर चालणारे, खिडकीकडे तोंड करून मांडलेले. ढगाळ दिवशी मामा टेबललॅम्प लावून देतात. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. कुठल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू सैल आहे आणि कुठल्या लेन्सवर बुरशी चढली आहे हे त्यांना रजिस्टर न उघडता माहीत असतं.

या आरशांच्या उजेडात शंभरपट मोठी करून पाहिली की कांद्याची पेशी दिसते. लांबट, शेजारणीला चिकटून बसलेली. ती लहान म्हणावी अशीही नाही, पाव मिलिमीटरच्या आसपास लांब. आयोडीनचा थेंब दिला की केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन वर येतं, बहुतेक वेळा कडेला सरकलेलं. भिंत आणि केंद्रक. बस, एवढंच.

मुलांचा हात मात्र एवढ्यावर थांबत नाही. डोळा आयपीसला असतो आणि पेन्सिल आठवीच्या पुस्तकातली आकृती काढत असते. शेंगदाण्याच्या आकाराच्या तंतुकणिका, गॉल्गी पिंडाच्या चपट्या पिशव्या, आंतर्द्रव्यजालिकेच्या वळ्या, सगळं जागच्या जागी, बाणासकट. हरितलवकंसुद्धा! जमिनीखाली वाढलेल्या कांद्यात हिरवं काय असणार? पण आकृतीत होतं, म्हणून जर्नलात आलं. मी त्यावर लाल पेनाने काट मारते तेव्हा वर्गातली हुशार मुलं दुखावतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. हरितलवकं सोडली तर बाकीचं सगळं त्या पेशीत खरंच असतं. ते फक्त त्यांना दिसलेलं नसतं.

पुस्तकातली ती आकृती आमच्या यंत्रातून निघालेलीच नाही. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे करून दाखवता येत नाहीत, मग लेन्स कितीही महाग असो. पेशीपटलाची जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे या मर्यादेच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. त्याच्या घड्या आणि थर दिसले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. पेशीचं तसलं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं १९४५ साली. तरी पेशीभोवती पटल आहे, ते पाणी आत-बाहेर जाऊ देतं आणि बाकीच्या पुष्कळ गोष्टी अडवतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना ठाऊक होतं. न दिसणारी गोष्ट त्यांना कळली कशी, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात टाकते आणि उत्तर न देता ऱ्हिओचं पान वाटते.

ऱ्हिओ तुम्ही पाहिलेला असतो. बंगल्यांच्या कुंपणाशी, बँकेच्या दारातल्या कुंड्यांत. वरून हिरवं, खालून जांभळं, तलवारीसारखं पान. मूळचा मेक्सिकोकडचा, पण आपल्याकडे इतका रुळलाय की त्याला कुणी पाहुणा म्हणणार नाही. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा कडेला मिळतो. तो पाण्यात ठेवून पाहिला तर प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी. हा रंग भिंतीचा नव्हे. आतल्या मोठ्या रिक्तिकेतल्या रसात तो विरघळलेला असतो.

आता खोडी काढायची. कव्हरस्लिप न उचलता एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावायचा. टिपकागद पाणी ओढतो, मिठाचं पाणी खालून सरकत येतं. डोळा मात्र एकाच पेशीवरून हलवायचा नाही, हीच या कामातली खरी शिस्त. आधी काहीच घडत नाही. मग एका कोपऱ्यात जांभळा रंग भिंतीपासून किंचित सुटतो, दुसऱ्या कोपऱ्यात सुटतो, आणि बघता बघता आतला सगळा ऐवज आकसून मध्ये गोळा होतो. भिंत होती तिथेच, तशीच. भिंत आणि जांभळा गोळा यांच्यामधली जागा रिकामी दिसते, पण तिथे मिठाचं पाणी शिरलेलं असतं. भिंतीने ते येऊ दिलं, गोळ्याच्या कडेने अडवलं. ती नेमकी, गोलसर कड म्हणजे ज्याच्या आत रस कोंडलेला आहे ते पटल. पटल तर अजूनही दिसलेलं नाही, पण त्याची हद्द दिसली. एवढ्या वेळात वर्गात कुणी ना कुणी ‘मॅडम, मेली का ती?’ असं विचारतंच. मी म्हणते, साधं पाणी सोडून बघ. टिपकागद परत लावला की गोळा फुगत फुगत पुन्हा भिंतीला जाऊन भिडतो. मेलेली पेशी असं करत नाही. खात्रीसाठी दुसरा पापुद्रा उकळत्या पाण्यात बुडवून आणायचा: जांभळा रंग भसाभस बाहेर पडतो, कारण अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

माझ्या मते पेशी समजून घ्यायची तर एवढा एक प्रयोग पुष्कळ झाला. परीक्षेत वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतला फरक तक्त्यात विचारतात, डावीकडे भित्तिका आहे, उजवीकडे नाही, अशा रकान्यांत; तो पाठ होतो आणि विसरलाही जातो. कुठल्या पेशीला पाण्याने छळलं की ती काय करते हे पाहिलेलं मूल मात्र तो तक्ता स्वतः मांडू शकतं.

या पानाला इतिहासही आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. हॉलंडमधल्या ह्यूगो डी व्रीसने १८८०च्या दशकात हाच जांभळा पापुद्रा घेतला. त्याच्या आकसण्याचा त्याने मोजमापाचं साधन म्हणून उपयोग केला: मिठाचं, साखरेचं, सोऱ्याचं किती तीव्रतेचं द्रावण दिलं की पटल भिंतीपासून नेमकं सुटायला लागतं? अशी समान ताकदीची द्रावणं त्याने लावून पाहिली आणि १८८४ साली ते काम प्रसिद्ध केलं. अॅमस्टरडॅममधलाच त्याचा सहकारी व्हांट हॉफ. परासरणाच्या, म्हणजे पटलातून पाणी ओढलं जाण्याच्या, दाबाची मोजमापं झालेली आहेत ही बातमी त्याला डी व्रीसकडून कळली. त्यातून त्याने द्रावणांचा सिद्धांत उभा केला, आणि १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल घेतलं. डी व्रीसचीच कल्पना हँबर्गर नावाच्या आणखी एका डच माणसाने रक्तपेशींना लावली. कुठल्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात त्या फुगतही नाहीत आणि आकसतही नाहीत? माणसाच्या रक्तासाठी उत्तर आलं ०.९ टक्के. ताप उतरेना म्हणून आपण तालुक्याच्या दवाखान्यात ‘सलाइन लावून घेतो’, त्या बाटलीवर आजही हाच आकडा छापलेला असतो. कुंपणाशेजारच्या जांभळ्या पानापासून सलाइनच्या बाटलीपर्यंतची ही वाट सांगितली की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

रक्तपेशींकडे मी तिथूनच वळते. मुलांची बोटं टोचायची प्रथा आता बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. मटणाच्या दुकानातून बोकडाचं रक्त आणायचं. सायट्रेट घातलेली बाटली आधी देऊन ठेवली तर ते गोठत नाही. बोकडाची लाल पेशी अगदीच चिमुकली, माणसाच्या निम्म्याहून किंचित लहान आणि फुटायला हळवी. या प्रयोगाला ते सोयीचंच. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत सलाइन, दुसरीत साधं पाणी. दोन्हींत रक्ताचे दोन-दोन थेंब, आणि दोन्हींमागे वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. सलाइनच्या नळीतून काही वाचता येत नाही, लाल गढूळ. पाण्याच्या नळीत काही क्षणांत गढूळपणा निवळतो आणि पारदर्शक तांबड्या पाण्यातून मथळा सरळ वाचता येतो. उजेड अडवायला पेशी उरलेल्याच नसतात. पाणी आत शिरलं, पटल ताणलं, फाटलं, आणि रक्ताचा रंग बाहेर सांडला.

कांद्याची पेशी मात्र अशा पाण्यात दिवसभर पडली तरी फुटत नाही. आत शिरणारं पाणी पटलाला भिंतीवर दाबतं, भिंत उलट दाबते, आणि एका मर्यादेनंतर पाणी येणं थांबतं. या दाबावरच कोवळी मेथी ताठ उभी असते. हाडं नसलेल्या झाडाचा सांगाडा म्हणजे बऱ्याच अंशी भिंतीत कोंडलेलं पाणीच. जनावराच्या पेशीला भिंत नाही म्हणून तिला आकार बदलता येतो, सरपटता येतं, जंतू गिळता येतात. पण मग बाहेरचं पाणी योग्य तीव्रतेचं राखायची जबाबदारी सगळ्या शरीरावर पडते. मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात ती निम्मी याचसाठी.

गालाच्या आतली पेशी इथे थोडा घोळ घालते. टूथपिकच्या बोथट बाजूने गालाच्या आत हलकेच खरवडलं, मिथिलिन ब्लू दिलं, की चपट्या, कडा मुडपलेल्या, मधोमध गडद निळं केंद्रक असलेल्या पेशी मिळतात. नियमाप्रमाणे या पाण्यात फुटायला हव्यात. मुलं वाट बघत बसतात, त्या फुटत नाहीत. लाळ मुळातच रक्तापेक्षा बरीच फिकी, आणि वरच्या थरातल्या या पेशी झडायच्या बेतात असलेल्या, आतून धाग्यांनी घट्ट विणलेल्या. पुस्तकातली ‘प्राणी पेशी’ ही कुठल्याच प्राण्याच्या कुठल्याच अवयवात नसते, हे सांगायला मला गालासारखं दुसरं साधन मिळालेलं नाही.

हायड्रिलाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यापेक्षा बघण्याचं आहे. तळ्यातून किंवा मासेवाल्याच्या दुकानातून आणलेली काडी, तिचं कोवळं पान. पान दोनच पेशींच्या जाडीचं, त्यामुळे कापायची गरज नाही. दिव्याखाली जरा ऊब मिळाली की हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक निघतात, मधून कुणीही जात नाही. मधली ती मोकळी वाटणारी जागा रिक्तिकेची. तिलाही कधी थेट दाखवता येत नाही. बाकीचे तिला वळसा घालतात त्यावरून ती कळते.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो जाणत्या माणसांनाही चुकलेला नाही. खोडी काढून जे दिसतं ते पेशीतलं की खोडीतून उपजलेलं? इटलीच्या कामिल्लो गॉल्गीने १८९८ साली चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या चेतापेशींत एक जाळी पाहिली. पुढची पन्नासेक वर्षं अनेक मातब्बर शास्त्रज्ञ म्हणत राहिले की ही जाळी रसायनांनी तयार झालेली आहे, जिवंत पेशीत असं काही नाही. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वाद मिटवला: जाळी खरीच होती, तिलाच आपण गॉल्गी पिंड म्हणतो. गॉल्गीचं १९०६चं नोबेल चेतासंस्थेवरच्या कामासाठी होतं. त्या जाळीचा निकाल ऐकायला तो हयात नव्हता. शंका घेणाऱ्यांना मी मूर्ख मानत नाही. आमच्या बुडबुड्यांना केंद्रक म्हणणाऱ्या मुलांना असाच एखादा संशयखोर शेजारी हवा असतो.

तंतुकणिकांचा प्रश्न राहतोच. ‘मॅडम, त्या कधीच नाही का दिसणार?’ दिसतात, पण त्यासाठी जानस ग्रीन बी हा रंग लागतो, अगदी पातळ केलेला, आणि पेशी जिवंत असावी लागते. या रंगाची गंमत अशी की पेशीद्रव्यात शिरला की तो फिका पडत जातो, आणि तंतुकणिकांत, जिथे ऑक्सिजनचा वापर चालू असतो, तिथे मात्र निळसर हिरवा टिकतो. म्हणजे दिसतो तो ठिपका जितका तंतुकणिकेचा, तितकाच तिच्या चालू कामाचा. कांद्याच्याच पापुद्र्यात, तेलातल्या लेन्सखाली, बारीक कणांसारखे ते ठिपके पेशीद्रव्यात हलताना सापडतात. अडचण दोन गोष्टींची. तेलातली चांगली लेन्स आमच्याकडे एकाच सूक्ष्मदर्शकाला आहे. आणि कव्हरस्लिपखालचा ऑक्सिजन सरला की ठिपक्यांचाही रंग उतरतो. त्यामुळे मी दर वेळी हजेरीच्या एकाच क्रमाने बोलावत नाही. एकदा वरून, पुढच्या वेळी खालून. तरी रांग व्हरांड्यापर्यंत जाते, मागच्यांची पाळी येईतो स्लाइड फिकी पडते, आणि मामांना नवा कांदा सोलायला सांगावं लागतं.