रीळ, मीठ आणि ढील

'रीळ' हा शब्द आमच्या घरात दोनच अर्थांनी नांदत होता : आईच्या शिवणयंत्रावरचे दोऱ्याचे रीळ आणि तंबूतल्या सिनेमाचे रीळ. मासे धरण्याच्या रिळाशी आमचा संबंध नव्हता. अण्णा भाट्याच्या पुळणीवर, काजळी नदी समुद्राला मिळते त्या बाजूस, चाळीस वर्षे गरवत आले ते नुसत्या हाताने. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तंगुसाची दोरी, टोकाला शिसे आणि दोन गळ. डोक्याभोवती दोन गरके देऊन ते शिसे सोडीत आणि ते पहिल्या लाटेपलीकडे पडे. पुढचे सारे तर्जनीवर. दोरीला बसलेल्या नुसत्या हिसक्यावरून मुडदुशी की शिंगाळा, हे ते मासा दिसण्याआधी सांगत.

तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला. काठी घेऊन ते चालू लागले, डाव्या हाताने सहीही करू लागले; समुद्राचे नाव मात्र काढीनात. एकदा मी म्हटले, "भाट्याला जाऊन बसू या का?" ते म्हणाले, "बसून काय करायचे? समुद्र काय बघायचा असतो?" जन्म शाळामास्तरकीत गेलेल्या माणसाच्या या उत्तराला पुरवणी जोडण्याची सोय नव्हती.

तेव्हा मी रीळ शोधू लागलो. पहिले घेतले ते अकराशे रुपयांचे. खोक्यावर दहा बेअरिंगांची जाहिरात होती आणि मी तिला भुललो. वीस वर्षे विद्यार्थ्यांना 'मलपृष्ठावरच्या विशेषणांवरून पुस्तक जोखू नका' असे बजावणाऱ्या माणसाने भुलायला नको होते. सहा खेपांत मूठ कण्हू लागली. उघडून पाहिले तर आत तांबूस चिखल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. उघड्या, हलक्या पोलादाची दहा बेअरिंगे म्हणजे त्या मिठाला गंज चढवण्यासाठी दिलेल्या दहा जागा. झाकबंद अशी चार असती तरी ती अधिक टिकली असती.

दुसऱ्या वेळी मी आधी यंत्र समजून घेतले. फिरकीत बसणाऱ्या या स्थिर रिळाचे पेटंट 1905 साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतले. ते ब्रॅडफर्डचे लोकर गिरणीवाले. शिसे फेकताना यातले रीळ फिरत नाही. त्याच्या कडेवरून दोरीची वेटोळी एकेक सुटत जातात. ओढताना मात्र भोवतालची तार फिरते आणि दोरी पुन्हा रिळावर गुंडाळते. त्यामुळे फेकताना अंगठ्याने रीळ आवरण्याचे कसब लागत नाही, आणि नवख्याच्या दोरीचा गुंता कमी होतो. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट निराळी होती : बहुतेक फिरकी रिळांची मूठ काढून कोणत्याही बाजूला बसवता येते. अण्णांचा डावा हात शाबूत होता.

पुळणीसाठी 4000 ते 5000 या मापाचे रीळ पुरते, 0.35 मिलिमीटर जाडीची दोनशेएक मीटर दोरी त्यावर मावावी. रीळ अॅल्युमिनियमचे असावे, आतला दांडा न गंजणारा असावा, दोरी जिच्यावरून सरकते ती बारीक चकती बोटाने सहज फिरावी. पण स्वस्त रिळाची खरी परीक्षा त्याच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या चकत्यांत असते. दुकानात दोरी बांधून मी हळूहळू ओढत राहिलो. काही रिळे आधी अडत आणि मग एकदम सुटत. तो धक्काच दोरी तोडतो. ज्या रिळाची दोरी पहिल्या क्षणापासून एकसारखी सुटली, ते अठ्ठावीसशे रुपयांना घेतले. त्याला बेअरिंगे चारच होती. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतका आवळावा, एवढे दुकानदाराने सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीत प्लास्टिकचा तिरका कापलेला नळ वाळूत रोवून त्यात दांडा उभा केला. फेकले मी. अण्णा शेजारी स्टुलावर, डावा हात मुठीवर. अर्ध्या तासाने दांडा वाकला आणि रीळ करकरत दोरी सोडू लागले. मी घाबरून ड्रॅग आवळायला धावलो.

"आवळू नकोस," अण्णा म्हणाले, "ढील दे. दमू दे त्याला."

पतंगावरचा हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मला किंवा त्यांच्या वर्गातल्या कुणालाही त्यांनी कधी ढील दिल्याचे मला स्मरत नाही. मी हात मागे घेतला. मासा ओढी तेव्हा ते थांबत, तो थांबे तेव्हा मूठ फिरवीत. बऱ्याच वेळाने हातभरही नसलेला एक शिंगाळा वाळूवर आला.

"यात मासा कळत नाही रे," ते म्हणाले. "हाताला काही सांगत नाही हे."

ती उणीव खरी होती आणि अठ्ठावीसशेच्या जागी अठ्ठावीस हजार मोजूनही ती भरून निघाली नसती. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने पाहिले तर त्यांनी मूठ सोडून डाव्या हाताची तर्जनी रिळापुढच्या ताणलेल्या दोरीवर टेकवली होती.

घरी आल्यावर रीळ धुण्याचे काम त्यांनी मागून घेतले. आत पाणी शिरू नये म्हणून धुताना ड्रॅग आवळायचा, गोड्या पाण्याची बारीक धार सोडायची, पुसून सुकवायचे आणि मग ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवायचा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. हे सारे ते एका हाताने करतात. वेळ लागतो. मी मध्ये पडत नाही.

परवा सकाळी चहा घेताना त्यांनी कालनिर्णय पाहिले. "आज दशमी. दहाचे पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी होईल," ते म्हणाले, "पाचला निघू."