गिया सर्किटवरून पायी

मकाऊमध्ये नोव्हेंबरात शर्यत भरते, तेव्हा शहराचे रोजचे रस्तेच ट्रॅक होतात. दुतर्फा लोखंडी कठडे, वर जाळ्या. संध्याकाळी इंजिनं थांबली की रस्ते पुन्हा बसगाड्यांना मोकळे होतात. तेवढ्यात मी गिया सर्किटचा 6.12 किलोमीटरचा फेरा पायी घालायला निघालो.

सुरुवातीचा सरळ रस्ता एकेकाळी समुद्राला लागून होता. 1954 साली इथं पहिली ग्रांप्री झाली आणि एदुआर्दो द कार्व्हाल्यो ट्रायम्फ टीआर2 घेऊन जिंकले, तेव्हा कठड्यापलीकडे पाणी होतं. आता भराव घालून समुद्र मागे सारलाय, तिथं हॉटेलं आणि कॅसिनो उभे आहेत. मला ती जुनी किनारपट्टी हवी होती.

सरळ रस्ता संपतो तिथं काटकोनात उजवीकडे लिस्बोआ वळण. पूर्वी इथं गव्हर्नर फेरेरा दो अमाराल यांचा अश्वारूढ पुतळा होता. एका हाताच्या या गव्हर्नरची 1849 मध्ये हत्या झाली. 1992 मध्ये तो पुतळा हलवून पोर्तुगालला नेला आणि वळणाला शेजारच्या हॉटेलचं नाव उरलं. याच वळणावर 2018 साली सोफिया फ्लोर्श हिची गाडी जाळी फाडून बाहेर गेली. पाठीचा कणा मोडलेली ती मुलगी पुढच्याच वर्षी पुन्हा इथं शर्यतीत उतरली. वळणाशी उभं राहिलं की तिच्या धैर्यापुढे मान लवते.

पुढे रस्ता टेकडीवर चढतो आणि चिंचोळा होत जातो. काही ठिकाणी रुंदी जेमतेम सात मीटर. घरांच्या भिंती हाताला लागतील इतक्या जवळ. 1983 मध्ये इथली फॉर्म्युला थ्रीची पहिली शर्यत जिंकताना आयर्टन सेना याच भिंतींमधून गेला. गाडी जराही घसरली तर सावरायला मातीची कडा नाही, थेट कठडाच. चालकाची खरी परीक्षा या चढावर होते, खालच्या वेगवान रस्त्यावर नव्हे, असं मला पायी चालूनच पटलं. माथ्यावर 1865 चा गिया दीपस्तंभ आहे. उतारानंतर मेल्को हेअरपिन येतं, इतकं आवळलेलं की तिथं ओव्हरटेक करायला बंदीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकाऊच्या ‘बारा’ नावाच्या भागात गेलो. रस्त्यांची नावं पणजीच्या जुन्या गल्ल्यांतल्यासारखी निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर, पोर्तुगीजसोबत चिनी. 1844 पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. त्यानंतरही नातं तुटलं नाही: 1874 मध्ये इथल्या पोलिसांच्या कुमकेला गोव्याहून पलटण आली आणि तिच्यासाठी ‘मूरिश बॅरेक्स’ बांधल्या गेल्या. पिवळ्या भिंती, पांढऱ्या नक्षीच्या कमानी, लांबलचक व्हरांडा. आता तिथं सागरी विभागाचं कार्यालय आहे. शर्यतीसाठी मकाऊला जाणाऱ्या मराठी माणसानं एक सकाळ या व्हरांड्यासाठी जरूर ठेवावी. जवळच आ-माचं देऊळ आहे, तेही पाहून होतं.