ऊन पाण्याची पारख

वाचकहो, गरम पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणण्याची रीत आपल्या पिढीच्या बोलण्यात अजून टिकून आहे. हाच शब्द महाराष्ट्राच्या नकाशावरही जागोजागी उमटलेला दिसतो. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, किनवट तालुक्यातील उनकेश्वर आणि चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव. या गावांची नावेच तेथील पाण्याचा गुण सांगतात. या झऱ्यांवर जाणाऱ्यांत गुडघे धरलेले आजी-आजोबा पुष्कळ असतात आणि अलीकडे त्यांच्यासोबत नातवंडेही असतात. म्हणूनच या विषयावर आपल्याशी चार गोष्टी बोलाव्यात असे वाटले.

आम्ही गुलमंडीचे रहिवासी. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन दिवस सुरू करणाऱ्या आमच्या घरात मी सहासष्ट वर्षांची, हे बहात्तर वर्षांचे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, तर मला संधिवात. गेल्या संक्रांतीनंतर पुण्याहून मुलगा, सून आणि नातवंडे आली होती. थोरला सात वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. पाणचक्की पाहून आल्यावर थोरल्याने विचारले, “आजी, जमिनीखालचे पाणी नेहमी गारच असते का?” सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने सुरू केलेल्या नहरींचे कौतुक आमच्या शहराला आहे; पण ते पाणी गार. तेव्हा मुलांना उनपदेव दाखवावे असे ठरले. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट या वाटेने आम्ही जळगावला नातलगांकडे मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापी ओलांडून पुढे निघालो.

वाटेत मुलांच्या प्रश्नांना अंत नव्हता. “तिथे खाली ज्वालामुखी आहे का?” तसे काही नाही. पावसाचे पाणी खडकांच्या खोल भेगांतून खाली झिरपते. जमिनीत एक किलोमीटर खोल गेले की तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. असे खोलवर तापलेले पाणी एखाद्या भेगेतून लवकर वर आले, की वाटेत ते निवत नाही. खडकांतील क्षार त्यात उतरतात आणि गंधकयुक्त वायू असेल तर सडक्या अंड्यासारखा वासही येतो. लोककथा मात्र उनपदेवच्या पाण्याचे नाते शरभंग ऋषी आणि प्रभू रामचंद्र यांच्याशी जोडते. मुलांनी दोन्ही गोष्टी सारख्याच आवडीने ऐकल्या.

झऱ्याचे पाणी गोमुखातून येते. आम्ही ते बादलीत घेतले. दुसऱ्या बादलीत गार पाणी होते. दोन्ही मिसळून मुलांचे पाय धुवायचे, असा बेत होता. ह्यांनी चप्पल काढली, बादलीत पाऊल बुडवले आणि निश्चिंत स्वरात म्हणाले, “कोमट आहे. सोड पोराला.” बाळंतिणीच्या खोलीत शिकलेली सवय माझ्या हाताला अजून आहे, बाळाच्या न्हाणाचे पाणी कोपराच्या आतल्या बाजूने पाहावे. मी कोपर लावले आणि चटकन मागे घेतले. पाणी चटका बसण्याइतके ऊन होते. तेवढ्यात थोरला म्हणाला, “आजोबा, तुमचा पाय लाल झालाय.” ह्यांनी पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

सुनेने लगेच त्यांचे पाऊल नळाच्या गार पाण्याच्या धारेखाली धरले आणि घड्याळ लावून वीस मिनिटे धरून ठेवले. फोड आला नाही. त्या वीस मिनिटांत ह्यांनी सांगितले, की वर्षभरापासून तळव्यांना कापूस बांधल्यासारखे वाटते आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. “तुम्हाला काळजी नको म्हणून बोललो नाही,” हे त्यांचे शब्द. परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श करून आणि कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून तपासणी केली. दीर्घकाळच्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. आता रोज रात्री मी दिव्याखाली त्यांचे तळवे पाहते. आधी ते संकोचत. हल्ली स्वतःच पाय पुढे करतात.

वाचकहो, हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की घरातील वडीलधाऱ्यांनी पाणी पाहावे आणि मग मुलांना सोडावे ही आपली जुनी रीत. पण ज्याच्या पायांची जाणीव मंदावली आहे, त्याच्या पावलावर नातवाची कातडी सोपवता येत नाही. आपल्याला मधुमेह असेल, तर पाण्याची पारख कोपराने करा किंवा घरातील दुसऱ्या कोणाला करू द्या. साधे तापमापक जवळ असेल तर उत्तमच. अंगावर घ्यायचे पाणी चाळीस अंशांच्या वर नसावे. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत भाजते. मुलांची त्वचा पातळ, म्हणून त्यांना त्याहूनही लवकर.

पाच वर्षांखालील मुलांना गरम कुंडात बसवू नये. त्यांचे शरीर लवकर तापते आणि तापले हे त्यांना सांगता येत नाही. आमच्या धाकटीने फक्त पाय धुतले आणि काठावर बसून तांब्याने पाणी ओतण्याचा खेळ खेळली. तिचे समाधान झाले. त्याहून मोठ्या मुलांनाही पाच-दहा मिनिटे पुरेत. मूल लाल झाले, गप्प झाले किंवा पेंगू लागले, तर लगेच बाहेर काढावे, सावलीत बसवावे, पाणी पाजावे. पाणी उथळ दिसले तरी मूल हाताच्या अंतरावर असावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही.

नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात एक सूक्ष्म अमीबा वाढू शकतो आणि नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचला तर आजार प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली मेंदूवर हल्ला करणाऱ्या अशा अमीबांचे रुग्ण आढळले, हे आपण वाचले असेल. हा आजार दुर्मिळ आहे. तरी डुबकी न मारणे हा सोपा उपाय आपल्या हाती आहे. वाग्भटांनीही ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्याध्यायात सांगून ठेवले आहे, की ऊन पाणी कमरेखालच्या अंगाला बळ देते, मात्र डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरते. जपानमध्ये उष्ण कुंडात उतरण्यापूर्वी पायांपासून वर हळूहळू पाणी ओतून घेण्याची प्रथा आहे. आपल्या वयाला ती फार मानवते.

ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यामुळे एकदम उठल्यास भोवळ येते. काठाला धरून, क्षणभर बसून, मग उठावे. भरल्या पोटी किंवा उपाशीपोटी स्नान करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने चुकवू नयेत. हृदयविकार असेल किंवा पायाला जखम असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कोणाला भाजलेच, तर हळद, तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता वीस मिनिटे वाहते गार पाणी घालावे आणि दवाखाना गाठावा.

आणि फायदा? माझ्या गुडघ्यांवर कोमट करून घेतलेले ते पाणी ओतले, तेव्हा आखडलेपणा खरोखर उतरला. दुसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या घाटातून परतताना मी गाडीतून कोणाचा हात न धरता उतरले. तिसऱ्या दिवशी गुडघे पुन्हा पूर्वीसारखे झाले. ऊब सांध्यांना विसावा देते. संधिवात बरा करत नाही. या विसाव्याचे मोल कमी नाही, पण त्याच्या भरवशावर औषध थांबवू नये. घरी टबात कोमट पाणी घेऊन तोच विसावा रोज मिळतो.

आपल्या घरात ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्या सुना-मुलांना माझे एक मागणे आहे. “पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटते का?” एवढे त्यांना स्पष्ट विचारा. आम्ही आपणहून सांगत नाही. आणि ज्येष्ठहो, विचारले तर खरे सांगा. हिवाळ्यात एखाद्या सकाळी नातवंडांचा हात धरून उनपदेवला, उनकेश्वरला किंवा तानसेकाठच्या वज्रेश्वरीला अवश्य जा. पाणी आधी कोपराने पाहा.