यादीत आपण नव्हतो

२०१७ च्या जानेवारीत माळेगाव बुद्रुकातल्या चहाच्या टपरीवर उसाचा दर मागे पडून डोनाल्ड ट्रम्प यांचा विषय निघायला लागला. त्या वर्षी ऊसच कमी, त्यामुळे गाळप लवकर आटोपत आलं होतं आणि लोकांकडे वेळ होता. शिवाय शिवनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून अमेरिकेला गेलेली पोरं आता गावात कुणाची ना कुणाची निघतातच. माझा पुतण्या तिकडे होता. त्याचा वर्गमित्र, आमच्या शेजारच्या तांबोळीभाईंचा मुलगा, तोही तिकडेच होता.

२७ जानेवारीला ट्रम्प यांनी आदेश काढला. इराण, इराक, सीरिया, लिबिया, सोमालिया, सुदान आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेशबंदी. सातही देश मुस्लिमबहुल. बंदीचं कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं. पण डिसेंबर २०१५ मध्ये, प्रचार करताना, याच गृहस्थांनी मुसलमानांना अमेरिकेत सरसकट बंदी घाला म्हणून जाहीर मागणी केली होती.

टपरीवर कारखान्याच्या एका जुन्या सभासदानं निकाल देऊन टाकला, "बरोबर केलं गड्यानं. आपलं नाव हाय का यादीत? मग आपल्याला काय त्याचं?" तांबोळीभाई बाकावर शेजारीच बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, सगळ्यांचे पैसे दिले आणि उठून गेले.

त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. मुलानं फोनवर सांगितलं, "अब्बा, मला यायला जमायचं नाही." भारत यादीत नव्हता हे त्यालाही ठाऊक होतं. पण मधेच यादी वाढली आणि परतताना विमानतळावर अडवलं, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार. शेवटी निकाहच्या वेळी मांडवात मोबाईल धरून मी उभा राहिलो. तिकडे मध्यरात्र उलटलेली. पोरगं नवा कुर्ता घालून, दिवा लावून एकटंच बसलं होतं.

त्याआधी २२ फेब्रुवारीला कॅन्सस राज्यातल्या ओलेथा गावात श्रीनिवास कुचिभोटला या ३२ वर्षांच्या हैदराबादच्या इंजिनिअरचा एका बारमध्ये खून झाला. त्याचा मित्र आलोक मदसानी जखमी झाला. मध्ये पडलेला इयान ग्रिलट हा अमेरिकन तरुणही गोळी लागून जखमी झाला. मारणाऱ्यानं आधी श्रीनिवास आणि आलोकला व्हिसाबद्दल विचारलं होतं, माझ्या देशातून चालते व्हा म्हणून ओरडला होता. नंतर दुसऱ्या गावी जाऊन त्यानं सांगितलं, की मी दोन इराणी मारले. सरकारी यादीतला देश त्यानं बरोबर लक्षात ठेवला होता. माणसं तेवढी त्याला ओळखता आली नाहीत.

बातमी आली त्या रात्री माझ्या वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला. "आधी ती दाढी काढ. बाहेर मराठीत बोलू नको." पुतण्या म्हणाला, "आई, दाढी काढीन, पण रंग कुठं ठेवू?" वहिनी फोन माझ्या हातात देऊन आत गेली. टपरीवर आता सगळ्यांना माझ्या पुतण्याची काळजी होती. तांबोळ्यांच्या मुलाचं मला कुणी विचारलं नाही.

श्रीनिवासची पत्नी सुनयना दुमाला हिचा अमेरिकेतला मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर होता. नवरा गेला आणि तिचा राहण्याचा हक्कही गेला. तिथल्या एका खासदारानं खटपट केली म्हणून तिला अमेरिकेत परतता आलं. बंदीचा तिसरा मसुदा आला तेव्हा त्यात उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएला हेही देश घातले होते, म्हणजे धर्माचा संबंध नाही असं म्हणायची सोय झाली. २६ जून २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी बंदी कायम ठेवली. बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ ला, पहिल्याच दिवशी ती उठवली. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नवी, बारा देशांची पूर्ण बंदी आणली.

अमेरिका लांब आहे म्हणावं, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला. तिकडे सुरक्षा होती, इथे परंपरा. यात्रेच्या काळात गाव जे नियम पाळतं ते हे व्यापारी पाळत नाहीत, असं कारण होतं. गटविकास अधिकाऱ्यांनी ठराव बेकायदा ठरवला, पण आमच्या टपरीवर तो बऱ्याच जणांना पटला होता.

त्या दिवशी मी बोललो. परंपरा असतील, त्या पाळायला सांगायचा गावाला हक्कही असेल. मोडणाऱ्याला दंड करा, दुकान उठवा, पुढच्या वर्षी जागा देऊ नका. पण आधी त्यानं काहीतरी मोडलेलं असू द्या. आडनाव वाचून काढलेल्या ठरावात गुन्हा सिद्ध करायची गरजच उरत नाही, आणि उद्या यादी कोण लिहील हे आपल्या हातात नसतं.