‘र’ला किती जागा?

मोनोस्पेस टाइपमध्ये प्रत्येक अक्षराला एकाच मापाचं घर. कुरिअर या टाइपच्या संगणकीय आवृत्तीत ते १००० एककांपैकी ६०० रुंद आहे. ‘आय’लाही तेवढंच, ‘एम’लाही तेवढंच. हॉवर्ड केटलर यांनी १९५५च्या सुमारास आयबीएमसाठी कुरिअर रेखाटला, तेव्हा किडकिडीत ‘आय’ला लांब आडवे पाय दिले आणि ‘एम’ला अंग चोरून उभं केलं.

देवनागरीत असा टाइप करायला बसलो आणि पहिल्याच दिवशी ‘र’ने अडवलं. त्याला पाय कुठून देणार? वाट दाखवली शिरोरेषेने. ती घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढली की वर शब्द सलग राहतो. खाली मात्र ‘र’भोवती उजेड पडतो. म्हणून त्याचं वरचं वळण रुंद केलं, शेपटी लांबवली. ‘ण’चे दंड बारीक केले, नाहीतर शब्दात काळा डाग उठतो. ‘रण’ हा एकच शब्द कितीतरी आठवडे छापून भिंतीवर लावत होतो. उकार, अनुस्वार यांचा त्रास नव्हता. टाइपरायटरवरही त्यांची कळ दाबली तरी कॅरेज जागची हलत नसे. वेलांटीला मात्र स्वतःचा दंड असतो. ‘कि’ला एक घर द्यायचं की दोन? मी दोन दिली.

हा टाइप पानावर कुठे वापरावा, याबद्दल मी हट्टी आहे. एका कार्यकर्त्याच्या पत्रसंग्रहाची मांडणी माझ्याकडे होती. सगळी पत्रं टाइप केल्यासारखी दिसावीत, जुन्या काळाचा भास होईल, असं संपादकांचं म्हणणं. मी मूळ कागद मागवले. घरी धाडलेली पत्रं हाताने लिहिलेली, काही तर दौऱ्यावर, मांडीवर वही ठेवून. टाइप केलेली होती ती फक्त कचेरीची. मोनोस्पेस मी तेवढ्यांनाच दिला. अक्षरांची सारखी रुंदी पाहून वाचक समजतो की हे यंत्रावर उमटलंय. जे उमटलंच नव्हतं त्याला तो वेष चढवणं मला खोटं वाटतं. संपादकांशी दोन दिवस वाद झाला, मग त्यांनी मान्य केलं.

कचेरीच्या एका पत्राखाली सहीशेजारी पेनने लिहिलं होतं, ‘आता बरा आहे.’ ते शब्द मी पुस्तकाच्या नेहमीच्या टाइपमध्ये लावले. तिथला ‘र’ त्याच्या स्वतःच्या रुंदीत बसला.